शिकेकाई, रिठा आणि माझा ‘केमिकल-फ्री’ उद्योग

(या भागाचं शब्दांकन. ज्यांना बसमध्ये किंवा ऑफिसात आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना घेतलेले उसासे आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय, बाकी जसं बोलले तसंच.)

इअरफोन नीट लावा, कारण आज मी एक गोष्ट कबूल करणार आहे आणि ती दोनदा सांगायची माझ्यात हिंमत नाही.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यातल्या खूप जणांनी एकच प्रश्न विचारला. घरच्या घरी शाम्पू कसा बनवायचा? केमिकल नसलेला कुठला घ्यायचा? मी तो विषय टाळत होते. माहिती नव्हती म्हणून नाही. उलट, या विषयात मी जरा जास्तच पुढे जाऊन तोंडावर पडलेय. तर आज सगळं सांगते. रेसिपीपण देते, पण शेवटी. आधी ऐका.

सुरुवात झाली बाथरूमच्या जाळीपासून. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. आमच्या पाथर्डी फाट्याच्या भागात त्या वर्षी घरटी एक पेशंट होता म्हणा ना. ताप गेला, अशक्तपणा गेला, नवरात्रात मी गरबासुद्धा खेळले. आणि दिवाळीच्या तोंडावर केस गळायला लागले. गळायला म्हणजे कसे, तर न्हाऊन झालं की जाळीवर एक अख्खा उंदीर बसल्यासारखा पुंजका. उशीवर केस, डब्यातल्या पोळीत केस. आई म्हणाली, “ते तुमचे शाम्पू फेकून दे आधी.” आणि मला ते पटलं. कारण मोबाईलवर नेमकं तेच दिसत होतं. एक मुलगी गंभीर चेहरा करून सांगायची की तुमच्या शाम्पूत जे असतं, तेच फरशी पुसायच्या लिक्विडमध्ये असतं. झालं! मी बाटली उचलली आणि कचऱ्यात टाकली. निम्मी भरलेली होती, आजही हळहळ वाटते.

मग मी पंचवटीत आजीकडे गेले. आजी म्हणजे आईची आई, वय ब्याऐंशी, वेणी अजून मनगटाएवढी जाड. तिच्या लहानपणी मुली ‘केस धुणार’ असं म्हणायच्याच नाहीत, ‘न्हायचंय’ म्हणायच्या. अंगावरून पाणी घेतलं की आंघोळ, डोक्यावरून घेतलं की न्हाणं. आठवड्यातून एकदा. आदल्या रात्री तेल, सकाळी तांब्याचा बंब पेटवायचा. नाशिकला तांबट आळी आहे, त्यामुळे बंब आणि घंगाळ ही आमच्याकडे फार अपूर्वाईची वस्तू नव्हती. त्या घंगाळात गरम पाणी, शेजारी पातेल्यात उकळलेली शिकेकाई. आजीची आई तिला दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून न्हाऊ घालायची. आजी म्हणते, “डोळ्यांत गेलं की असं झोंबायचं! मी बोंब मारायची, आणि आई पाठीत धपाटा घालायची.”

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं. लक्षात ठेवा, नंतर उपयोगी पडणार आहे.

आजीने यादी सांगितली आणि मी भद्रकालीत काष्ठौषधीच्या दुकानात गेले. तुम्ही नाशिकचे असाल आणि अशा दुकानात कधी गेला नसाल, तर एकदा जाच. पोत्यांमधून सगळं रचलेलं असतं, आणि वास असा की दोन मिनिटं नुसतं उभं राहावंसं वाटतं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला, कचोरा, कपूरकाचरी, वाळा. यातलं आवळकाठी सोडून मी काहीच ओळखत नव्हते. मी विचारलं, “काका, शिकेकाई चांगली कशी ओळखायची?” त्यांनी एक शेंग कानाशी वाजवून दाखवली. कोरडी, तांबूस तपकिरी, आतल्या बिया खुळखुळणारी. शेंगेला बारीक भोकं असतील तर माल जुना आहे, किडा लागलाय. आणि रिठा घेताना तो सुरकुतलेला आणि जरासा चिकट असतो, ते बघून घाबरायचं नाही. तो चिकटपणा म्हणजेच त्यातला माल.

शिकेकाई कुठून येते हे मला त्या दिवशीच कळलं. सह्याद्रीच्या रानात वाढणारा तो एक काटेरी वेल आहे, झाडांवर चढत जातो. इतका काटेरी की शेंगा काढणाऱ्याचे हात ओरबाडून निघतात. गौण वनोपज म्हणून आदिवासी माणसं त्या गोळा करतात, वाळवतात, मग व्यापाऱ्यांमार्फत त्या पोत्यात येतात. रिठा मात्र चांगला मोठा वृक्ष असतो. त्याच्या आतली काळी गोल बी आजीच्या लहानपणी गोट्या म्हणून खेळायला वापरायचे.

आता दळण. हा वेगळाच अध्याय आहे! मी निरागसपणे पिशवी घेऊन गव्हाच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्या काकांनी पिशवीत डोकावलं आणि हातच जोडले. शिकेकाई-रिठा एकदा जात्यात गेला की पुढच्या चार जणांच्या पोळ्या कडू होतात. मसाला कांडपवाल्याकडे जायचं म्हणे. तिथेही तो म्हणाला, “ताई, संध्याकाळी शेवटी या, सगळी गिऱ्हाईकं गेल्यावर.” का, ते कळलं. मशीन सुरू झालं आणि तो, मी, त्याचा पोरगा आणि रस्त्यावरून जाणारे एक आजोबा, असे सगळे शिंकायला लागलो. शिंका थांबेचनात. त्या बारीक धुळीने नाक अक्षरशः पेटतं. म्हणून तुम्ही कधी गेलात तर तोंडाला ओढणी बांधा.

आणि काय सांगू, पहिल्याच न्हाण्याला केस इतके छान झाले! जरा रखरखीत, पण हलके, आणि तो वाळा-नागरमोथ्याचा वास. दोन-तीन महिन्यांत गळणंही थांबलं. मी ठरवून टाकलं की हा शिकेकाईचाच चमत्कार.

इथे जरा थांबते. कारण यातला निम्मा भाग खोटा होता आणि तो मला खूप उशिरा कळला.

मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, एखादा जबरदस्त मानसिक धक्का, यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस ढिगाने गळतात. शरीर त्या आजारपणात खूपशा केसांची वाढ एकदम थांबवतं आणि ते केस सगळे मिळून नंतर सुटतात. बहुतेकांचं हे काही महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. म्हणजे ऑगस्टमध्ये डेंग्यू, दिवाळीत गळती, होळीपर्यंत ठीक. माझं कॅलेंडर पुस्तकात छापल्यासारखं होतं! शाम्पूने ते केस गळले नव्हते आणि शिकेकाईने थांबले नव्हते. आणि एरवीही रोज पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल आहे. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्याला ते एकदम जाळीवर दिसतात, म्हणून जास्त वाटतात.

पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? मी सगळ्यांना सांगत सुटले. कॉलेजच्या मैत्रिणी, ऑफिसमधल्या मुली, सोसायटीतल्या काकू. सगळ्यांना पावडर हवी. मग मी डबे आणले, लेबल छापली, हिरव्या रंगात पान काढलं आणि त्यावर लिहिलं, ‘१०० टक्के केमिकल-फ्री’. व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकला की तासाभरात ऑर्डर. महिन्याला तीस-चाळीस डबे जायला लागले. खोटं कशाला बोलू, पैसे मिळाले त्यापेक्षा ‘तुझ्यामुळे माझे केस वाचले’ हे ऐकायला जास्त मजा यायची.

आता त्या ‘केमिकल-फ्री’बद्दल बोलू. मला शास्त्र शिकवायचं नाहीये, पण एवढं एक समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी फसवणार नाही.

डोक्यावरचा तेलकटपणा नुसत्या पाण्याने निघत नाही. मधे दोघांचे हात धरणारं कुणीतरी लागतं. एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्या टोकाला तेल आवडतं, असा रेणू. तो तेलाला पकडतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. शाम्पूतलं सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे ज्याला सगळे एसएलएस म्हणतात, ते हेच काम करतं. आणि रिठ्यातलं सॅपोनिन? तेही हेच काम करतं! एक बाजू साखरेसारखी, तिला पाणी आवडतं. दुसरी बाजू तेलाला धरणारी. म्हणजे रिठा हे झाडावर उगवलेलं केमिकलच आहे. शिवाय गंमत म्हणजे एसएलएस बनवायला जे मूळ तेल लागतं, ते बऱ्याचदा नारळाचं किंवा पामच्या बीचं असतं. त्यामुळे ‘नारळापासून बनवलेलं’ असं बाटलीवर लिहिलं तर ते खोटं नाही. पण खरं म्हणजे सौम्य, असं तर अजिबात नाही.

आपले लोक हे जाणून होते, फक्त सॅपोनिन हा शब्द नव्हता. सराफ बाजारात चांदीचे दागिने रिठ्याच्या पाण्यात घासून उजळायची पद्धत जुनी आहे. आजी रेशमी साड्या रिठ्याच्या पाण्यात धुवायची. (तिच्याकडे येवल्याची एक पैठणी आहे, तिला मात्र ती पाणी दाखवत नाही. विचारलं तर डोळे वटारते.) खानदेशात हिंगणबेटाचं फळ असंच धुण्याला वापरायचे. आणि कोकणात जास्वंदीची पानं पाण्यात चोळून त्याचा बुळबुळीत रस केसांना लावतात. तो मात्र सफाईपेक्षा केस मऊ करण्याच्या कामाचा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर रिठा शाम्पू, जास्वंद कंडिशनर.

अरे हो, आणि शाम्पू हा शब्दच आपल्याकडून गेलाय! चांपणे, चंपी, त्यातून. पाटण्याचे शेख दीन महंमद नावाचे गृहस्थ इंग्लंडला गेले आणि ब्रायटन गावात त्यांनी वाफेची स्नानं आणि चंपी-मालिश सुरू केली. १८२२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही छापलं. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. म्हणजे आपण चंपी पाठवली आणि बाटली परत घेतली.

असो. गाडी रुळावर आणते.

तर रिठा काही निरुपद्रवी नाही. आजीचं ते वाक्य आठवतंय? डोळ्यांत गेलं की झोंबतं. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर नुसतं झोंबत नाही, डोळे लाल होऊन दिवसभर उघडवत नाहीत. लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवायचे, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. मासे पकडायला काही भागांत अशाच सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून डोहात टाकायची पद्धत होती, मासे गुंगून वर यायचे. म्हणून कुणी मला म्हणालं ना, की नैसर्गिक शाम्पू आहे, गोदावरीवर घाटावर बसून न्हायला काय हरकत आहे, तर मी म्हणते माशांना विचारून या. तुम्ही हसताय, पण हे मला खरंच विचारलं गेलंय, कुंभमेळ्याच्या गप्पा सुरू असताना.

आता मुद्द्याची गोष्ट. जी सांगायला मी घाबरतेय.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. त्यांचा धाकटा सात वर्षांचा. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, “अगं, याच्या डोक्यात कोंडा झालाय, खाजवतो सारखा. तुझी पावडर चालेल का लहान मुलाला?” मी त्याचं डोकं बघितलं. मागच्या बाजूला एक रुपयाएवढा भाग, पांढरी खपली, आणि तिथले केस तुटके-तुटके. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “वहिनी, बिनधास्त लावा. बाजारच्या शाम्पूनेच होतं हे. महिनाभर लावलंत की बघा.” आणि वरून सांगितलं, डॉक्टरकडे नेऊ नका लगेच, ते मलमं देत बसतात.

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने. मी बी.कॉम. आहे.

वहिनींनी माझ्यावर विश्वास ठेवून पाच-सहा आठवडे ती पावडर लावली. तो पोरगा प्रत्येक वेळी रडायचा, कारण खाजवून खाजवून कातडी सोलली होती आणि त्यावर रिठा. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी मनात म्हणायचे, लहान मुलं न्हाताना रडतातच, आजीपण रडायची. मग तो भाग मोठा झाला, दुसरा उठला, आणि एके दिवशी त्याच्या बहिणीच्या भांगात तसंच दिसलं. तेव्हा त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. ते बुरशीचं इन्फेक्शन होतं. गजकर्ण म्हणतो ना आपण, ते डोक्यातलं. लहान मुलांना होतं, कंगवा, टोपी, टॉवेल यांतून पसरतं. आणि ते केसांच्या मुळाशी असतं, त्यामुळे वरून काहीही लावून जात नाही. पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात, काही आठवडे. शाम्पू कुठलाही असो, माझा असो की बाजारचा, त्याने ते बरं झालंच नसतं. वेळेत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर बहिणीला झालं नसतं कदाचित.

वहिनी मला काहीच बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. त्यांनी फक्त उरलेला डबा परत दिला, झाकण घट्ट लावून. मुलगा बरा झाला, केस आले, आता तो जिन्यात मला बघितलं की डोक्यावर हात ठेवून पळतो. गंमत म्हणून करतो, की खरंच घाबरतो, मला माहीत नाही.

त्या आठवड्यात मी स्टेटस टाकणं बंद केलं. आणि पहिल्यांदा नीट वाचायला बसले. तेव्हा कळलं की मी जे करत होते ते कायद्यातही बसत नव्हतं. केसांना लावायची वस्तू विकण्यासाठी बनवायची असेल तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, त्याखाली २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, आणि आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तारीख, परवाना क्रमांक, सगळं लागतं. माझ्या डब्यावर काय होतं? हिरवं पान. म्हणून इन्स्टाग्रामवर कुणी ताई घरगुती शाम्पू विकत असेल, अगदी मनापासून चांगली असेल, मीपण मनापासूनच करत होते, तर पहिलं बघा लायसन्स नंबर आहे का. नसेल तर तिला विचारा. भांडू नका, विचारा.

बरं, मग बाजारातली बाटली घेताना काय बघायचं? समोरचं चित्र बघायचंच नाही. पलटायची. मोबाईलचा कॅमेरा झूम करायचा, कारण अक्षर मुंगीएवढं असतं. घटकांची यादी उतरत्या क्रमाने लिहायची असते, जे सर्वांत जास्त ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे पाणी पहिलं, मग फेसवाला पदार्थ, आणि बाटलीवर ज्या भृंगराजाचा एवढा मोठा फोटो आहे तो सुगंधाच्याही मागे सापडला, तर समजून घ्या तो किती थेंब आहे.

‘आयुर्वेदिक’ लिहिलेल्या बाटल्यांवर अजून एक मजा असते. तिथे वनस्पतींची नावं आणि त्यांचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, माका इतका, रिठा इतका. आणि शेवटी बऱ्याचदा एक ओळ असते, ‘शाम्पू बेस, आवश्यक तेवढा’. त्या ‘आवश्यक तेवढा’मध्ये अख्खी बाटली असते! तो बेस कशाचा आहे हे विचारायला हवं. बहुतेकदा तो नेहमीचाच सल्फेटवाला असतो. त्यात फसवणूक आहे असं नाही, पण आपण ज्यासाठी जादा पैसे देतोय ते तिथे आहे का, हा प्रश्न राहतो.

‘सल्फेट-फ्री’चंही तसंच. सल्फेट नाही पण सोडियम ओलेफिन सल्फोनेट आहे, असं बऱ्याचदा दिसतं. नाव वेगळं, तेल काढण्याची ताकद जवळपास तेवढीच. टाळू कोरडी पडत असेल तर डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही नावं शोधा. फेस कमी येईल. येऊ दे. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, हे आपल्या डोक्यात जाहिरातींनी भरलेलं आहे. आणि हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. सौम्य वगैरे काही नाही.

प्रिझर्व्हेटिव्हबद्दल माझं मत पार बदललंय. आधी मी ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ म्हणून मिरवायचे. मग उन्हाळ्यात मी एकदा उकळून बाटलीत भरलेलं शिकेकाईचं पाणी बाहेर राहिलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर ‘फुस्स’ आवाज, वर पांढरी साय आणि वास असा की शेजारच्या मांजरानेही तोंड फिरवलं. पाणी आहे, पाला आहे, उकाडा आहे, मग बुरशी आणि जंतूंची पंगत बसणारच. पाणी असलेली वस्तू सहा महिने बाथरूममध्ये ठेवायची असेल तर तिच्यात काहीतरी टिकवणारं हवंच. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट ही त्यातली मला चालणारी. डीएमडीएम हायडँटॉइन हे हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतं, ते मी टाळते. आणि ज्यांना खाज-पुरळ उठतं त्यांनी आधी सुगंधावर संशय घ्यावा, यादीत नुसतं ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलेलं असतं तो. त्याच्याखाली काय काय दडलंय ते आपल्याला कळत नाही.

एक आणखी. साबणाने केस धुणारे हात वर करा. हॉस्टेलची पोरं, मला माहितीये! साबण अल्कधर्मी असतो, पीएच नऊ-दहाच्या आसपास. आपली त्वचा आम्लधर्मी, साडेचार-साडेपाच. त्यात तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर साबण फुटतो आणि त्याचा चिकट थर केसांवर बसतो. आमच्या बिल्डिंगला महापालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर येतो बोअरचा, त्या आठवड्यात साबणाने धुतलेले केस काथ्यासारखे होतात. शाम्पूचं तसं होत नाही, रिठ्याचंही होत नाही. शिकेकाईचं पाणी तर सौम्य आम्लधर्मीच असतं. म्हणून नुसतं शिकेकाईचं नाव असलेली वडी आणि शिकेकाई, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाण्याच्या सोड्याने केस धुवायचे ते व्हिडिओही याच कारणाने नको, आणि थेट लिंबू चोळून उन्हात बसणं तर बिलकूल नको.

आणि मेंदीबद्दल विचारलंय एकीने, तर पटकन सांगते. मेंदी लाल-नारिंगी रंग देते. जी ‘काळी मेंदी’ अर्ध्या तासात काळेभोर केस करते, तिच्यात बहुतेकदा पीपीडी नावाचा रंग असतो, आणि त्याची ॲलर्जी फार वाईट असते. पाकिटावर पान असलं तरी.

आता रेसिपी. मी अजूनही शिकेकाई वापरते, फक्त स्वतःसाठी.

सात-आठ शिकेकाईच्या शेंगा, पाच-सहा रिठे बिया काढून, आणि मूठभर आवळकाठी. रात्री एक लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. उतू जातं, दूध परवडलं असं उतू जातं, तेव्हा मोठं पातेलं घ्या आणि समोरून हलू नका. गार झालं की हाताने कुस्करा आणि सुती फडक्यातून दोनदा गाळा. दोनदा म्हणजे दोनदाच, नाहीतर केसांत कपचे अडकतात आणि ऑफिसात लोक विचारतात कोंडा झालाय का. पाणी पातळच असतं, शाम्पूसारखं घट्ट होत नाही. घट्ट हवं असेल तर चमचाभर मेथी सोबत भिजवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बस. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तेवढे तुकडे काढा, ही आयडिया मात्र माझी आहे, आजीला फार आवडली.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. न्हाताना डोकं मागे टाका, पुढे वाकू नका, डोळे घट्ट मिटा. तेल खूप चोपडलं असेल तर हे एका धुण्यात निघणार नाही, दोनदा घ्या. केस रखरखीत वाटले तर रिठा कमी करा, शिकेकाई-आवळा वाढवा. रंगवलेले, स्ट्रेटनिंग केलेले केस असतील तर मी म्हणेन राहू द्या. आणि वेळ नसेल तर? तर साधा सौम्य शाम्पू घ्या, हातावर पाणी घालून पातळ करा, फक्त टाळूला चोळा, टोकांना नाही. मीही आठवड्यात एकदा हेच करते. आजीला सांगू नका.

लहान मुलांच्या डोक्यावर रिठा नको. आणि डोक्यात गोल चट्टा असेल, केस तुटत असतील, खपली, पू, चाई पडल्यासारखं टक्कल, किंवा सहा महिने होऊनही गळती थांबत नसेल, तर मला मेसेज करू नका. खरंच नका करू, मी उत्तर देणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मोठं हॉस्पिटल परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जा. रांग असते, पण जा.

माझ्याकडे अजून दोन किलो पावडर पडून आहे. विकत नाही, वाटतही नाही. परवा वहिनींनी दार वाजवलं. म्हणाल्या, दिवाळीला घरात पितळी समई आणि चांदीचे देव उजळायचेत, ती तुझी पावडर आहे का थोडी? मी डबा भरून दिला. यावेळी लेबल न लावता.

चला, आजच्यासाठी इतकंच. पुढच्या भागात बोअरच्या पाण्याबद्दल बोलायचंय, तुमच्याकडे कुठलं पाणी येतं ते पाठवा. भेटू.